ग्लासातला बर्फ आणि अर्धवट सोडलेला प्रयोग

"ग्लासात बर्फ टाका, काठोकाठ पाणी भरा. बर्फ वितळला तरी थेंबही सांडत नाही. मग ध्रुवावरचा बर्फ वितळून समुद्र वाढतो, हे कुणाला सांगता?" हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. सोबत न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचे दोन फोटो, एक जुना, एक आत्ताचा. पाणी जिथल्या तिथे. आणि शेवटची फोडणी: "समुद्र तर हिमयुगापासून वाढतोच आहे, काही मिलिमीटरांनी काय होतंय!"

ग्लासाचा प्रयोग खराच आहे. तरंगणाऱ्या बर्फाने स्वतःच्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारलेलं असतं. समुद्राचं पाणी खारं असल्याने किंचित फरक पडतो, तो सोडून देऊ. आर्क्टिक समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाला हे लागू पडतं. आता राहिलेला अर्धा प्रयोग करा. काठोकाठ भरलेल्या ग्लासावर गाळणी ठेवा आणि बर्फाचे खडे तिच्यात टाका. थोड्या वेळाने फडकं शोधायला उठावं लागेल.

ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाचे हिमस्तर, म्हणजे जमिनीवर साचलेले बर्फाचे जाड थर, हा गाळणीतला बर्फ. ग्रीनलंडचा सगळा वितळला तर समुद्र ७ मीटरहून जास्त चढेल, अंटार्क्टिकाचा वितळला तर ५० मीटरहून जास्त. हे उद्या होणार नाही, त्याला शतकं, सहस्रकं लागतील. पण जमिनीवरचा साधारण ३६० अब्ज टन बर्फ समुद्रात गेला की पातळी १ मिलिमीटर वाढते, आणि हल्ली हे दोन हिमस्तर व डोंगरांतल्या हिमनद्या मिळून वर्षाकाठी त्याहून जास्त बर्फ गमावतात.

शिवाय बर्फाचं नावही न घेता समुद्र वाढतो. पातेलं काठोकाठ भरून गॅसवर ठेवलं तर उकळी फुटायच्या आधीच पाणी बाहेर ओघळतं, कारण तापलं की ते फुगतं. हरितगृह वायूंमुळे अडकलेली ९० टक्क्यांहून जास्त उष्णता समुद्रच पोटात घेतो. १९७१ ते २०१८ या काळातली जवळपास निम्मी वाढ या फुगण्याची आहे. मेसेजवाल्यांना हे माहीतच नसावं.

फोटोंचं म्हणाल तर तिथे भरती-ओहोटीत पाणी रोजच मीटरभराहून जास्त वर-खाली होतं. फोटो कोणत्या वेळचा, हे न सांगता पातळी ताडणं म्हणजे निव्वळ डोळेझाक. पुतळ्याजवळच मॅनहॅटनच्या टोकाला १८५६ पासून पातळी मोजली जाते. त्या नोंदींत शतकभरात सुमारे ३० सेंटीमीटर वाढ दिसते. त्यातली काही जमीन खचल्यामुळे आहे, हेही खरं.

हिमयुगानंतर समुद्र सुमारे १२० मीटर चढला, यात वाद नाही. पण ती मोठी चढण काही हजार वर्षांपूर्वीच संपली आणि नंतर पातळी बरीचशी स्थिर राहिली. १९०१ ते १९७१ मध्ये वाढ वर्षाला १.३ मिलिमीटर होती, २००६ ते २०१८ मध्ये ३.७. हिमयुगाच्या शेपटाने असा वेग घेतला नसता.

राहिले "काही मिलिमीटर". वादळात येणारी लाट या वाढलेल्या पातळीवरून पुढे सरकते, किनाऱ्यालगतच्या विहिरींत खारं पाणी शिरतं. पावसाचं पाणी समुद्रात सोडणारे नळ ज्या उंचीचा हिशेब करून बसवले, ती उंचीच आता अपुरी पडते. मग मोठ्या भरतीच्या दिवशी आभाळात ढगाचा ठिपका नसताना रस्त्यावरच्या जाळीतून समुद्र उलटा वर येतो, आणि लोक लख्ख उन्हात घोटाभर खाऱ्या पाण्यातून गाडी काढत असतात.