इंजिन जॅम, सोसायटी सुरू

माणूस आजारी पडला तर पुण्यातसुद्धा एखादा तरी ‘डॉक्टरला दाखवा’ म्हणतो. टू-स्ट्रोक इंजिन जॅम झालं की तेवढंही कुणी म्हणत नाही. इथे पन्नाशीच्या पुढचा प्रत्येक माणूस लुना नाहीतर चेतकवर वाढलेला. निकाल तयारच असतो, इंजिन खोलणं हा केवळ उपचार.

भाच्याने सेकंडहँड 125 सीसीची डर्ट बाईक घेतली. बहिणीचा सक्त विरोध, म्हणून पार्किंग मामाचं. वाघोलीच्या पुढच्या माळावर फुल थ्रॉटलमध्ये असताना ती किंचाळली आणि मागचं चाक जागच्या जागी लॉक. छोट्या हत्तीतून घरी आणली तेव्हा किकवर उभं राहिलं तरी किक ढिम्म.

टेम्पोचं फाळकं पडायच्या आत तळमजल्यावरचे काका हजर. आयुष्य आकुर्डीला स्कूटरच्या कारखान्यात गेलेलं.

“ऑईल कमी घातलंस.”

“काका, लिटरभर पेट्रोलला 25 मिली. सिरिंजने मोजून घालतो.”

“मग ऑईल भेसळीचं.”

दुसऱ्या मजल्याने प्लगवर संशय घेतला. सेक्रेटरींच्या मते मूळ दोष गाडी व्हिजिटर पार्किंगमध्ये लावण्यात होता.

शेवटी नाना पेठ गाठली. मेकॅनिकच्या गालात तंबाखूची गोळी होती, त्यामुळे मतं मोजकीच. प्लग काढला, तर पांढराफटक. “मिक्चर लीन,” एवढंच. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. हेड उतरलं, मग लाकडी हातोडीने हळूहळू ठोकत ब्लॉक. पिस्टन त्याने फडक्याने पुसून उजेडात धरला. एका बाजूला वरपासून खालपर्यंत उभे चरे, रिंगा त्या बाजूने खाचेतच दबलेल्या. दुसरी बाजू गुळगुळीत.

“साहेब, ऑईल नसतं तर चहूकडून ओरबाडला असता. थंड इंजिन एकदम पिळलं असतं, तर चार कोपऱ्यांत चार पट्टे आले असते. हा फक्त सायलेन्सरच्या बाजूने गेलाय.”

म्हणजे कुठूनतरी फुकटची हवा आत जात होती. पेट्रोल कमी पडलं की आग जास्त तापते. सायलेन्सरकडची बाजू मुळातच सगळ्यात गरम. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन फुगतो, ऑईलचा थर फाटतो आणि गडी भिंतीला चिकटतो. त्यात टू-स्ट्रोकचं ऑईल पेट्रोलमधूनच येणार. पेट्रोल घटलं की तेही घटलं. कार्बोरेटरचा मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, साफ निघाला. मॅग्नेटोकडचं ऑईल सीलही ठीक, तिथून हवा नाही. मग त्याने कार्बोरेटर आणि इंजिनमधला रबर काढला. वरून नवाकोरा. अंगठ्याने वाकवला, तशी कडेला नखाएवढी चीर ओठ उघडावेत तशी उघडली.

ब्लॉकला आतून निकेलचं कोटिंग, म्हणजे बोअर करायची, आतून कापून मोठा करायची, सोय नाही. त्याने कापसाचा बोळा अ‍ॅसिडमध्ये बुडवून चिकटलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर फिरवला, फेस आला, डाग उतरला. कोटिंग शाबूत! नवा पिस्टन, रिंगा, गॅसकेट, रबर एवढ्यावर निभावलं. आकडा ऐकून भाचा गप्प झाला. तो बहिणीच्या कानावर घालायचं काम अर्थातच मामाकडे.

संध्याकाळी काकांना तो रबर दाखवला. त्यांनी चष्मा लावून चीर नीट पाहिली, दोनदा वाकवून पाहिली.

“हं. पण रबर का तडकला?” रबर परत देत ते म्हणाले. “भेसळीचं ऑईल.”