कॅमेरा बंद म्हणजे अनादर नव्हे
ऑनलाइन तासाला कॅमेरा बंद ठेवणे हा शिक्षकांचा अनादर आहे, हे ऑनलाइन वर्गातील वागणुकीवरच्या एका लेखातील विधान मला मुळीच पटले नाही. २०२० च्या टाळेबंदीत मी अकरावीला मराठी शिकवत होते. वडिलांच्या एकाच फोनवर, दिवसाच्या दीड जीबी डेटात धाकट्या भावासह तास करणाऱ्या मुलीला व्हिडिओ परवडणे शक्यच नव्हते. मात्र हीच मुलगी चॅटमध्ये आधीच्या मुलाचे म्हणणे पूर्ण वाचून, ‘तुझा पहिला मुद्दा मान्य, पण दुसऱ्या कडव्यात कवी वेगळे सांगतो’ असे नेमके उत्तर लिहीत असे.

याउलट, कॅमेऱ्यासमोर नीटनेटकी बसलेली काही मुले दुसऱ्याचे बोलणे मध्येच तोडत, चुकलेल्या उत्तराखाली हसणारे इमोजी टाकत, आणि मग तो विद्यार्थी कितीतरी दिवस माइक सुरू करत नसे. लेखात याविषयी एक ओळही नसावी, याचे वाईट वाटले.