सात अक्षरांसाठी सव्वापाच तास

चार ओळी. एक्सएमएल फाइल (टॅगच्या खुणांमध्ये बांधलेला डेटा) वाचणारा, मोजून चार ओळींचा जावा कोड. फॅक्टरी (पार्सर, म्हणजे फाइल वाचून उलगडणारा भाग, मिळवून देणारा क्लास) घ्या, तिला बाहेरचा डीटीडी (फाइलच्या रचनेचे नियम) ओढून आणू नकोस म्हणून बजावा, बिल्डर घ्या, पार्स करा. एवढ्यासाठी काल संध्याकाळी ६ पासून रात्री सव्वाअकरापर्यंत खुर्चीत खिळून होतो, आणि आज सकाळीही डोकं ठिकाणावर नाही.

माझ्या मशीनवर सगळं चोख. टेस्ट हिरव्यागार. सर्व्हरवर चढवलं तर पहिल्याच रिक्वेस्टला इल्लीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन. 'ॲक्सेसएक्स्टर्नलडीटीडी' नावाची प्रॉपर्टी (तीच ती, बाहेरचा डीटीडी रोखणारी) आपण ओळखत नाही म्हणे. ओळखत नाहीस? अरे, दुपारपर्यंत तिच्या गळ्यात गळा घालून हिंडत होतास! जावा ७ च्या जमान्यातली प्रॉपर्टी आहे ती, काल जन्माला आलेली नाही.

मग नेहमीचं दळण. जावाची आवृत्ती दोन्हीकडे तीच. कोड तोच. फाइल तीच, बाइट न् बाइट जुळवून पाहिली. शेवटी लॉगमध्ये फॅक्टरीच्या क्लासचं नाव छापलं. मशीनवर: डॉक्युमेंटबिल्डरफॅक्टरीइम्प्ल. सर्व्हरवर: डॉक्युमेंटबिल्डरफॅक्टरीइम्प्ल. म्हणजे पार्सरही तोच! इथे दोन तास गेले. या दोन तासांत मी फायरवॉल, फाइल परमिशन, कंटेनरची इमेज आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांची अख्खी वंशावळ संशयितांच्या यादीत घातली. एका शांत स्वभावाच्या माणसाला चॅटवर जरा तोडूनही बोललो. (त्याची माफी मागायची आहे. दुपारी मागतो.)

तोवर एक सल्ला आला: 'सर, त्या ओळीभोवती ट्राय-कॅच (एक्सेप्शन पकडणारा सापळा) टाकू आणि कॅच रिकामा ठेवू.' वा! म्हणजे प्रॉपर्टी लागली नाही तरी कुणाला कळायला नको, आणि बाहेरच्या एंटिटीला (बाहेरून ओढून आणलेल्या मजकुराला) दार सताड उघडं. घंटा फार वाजते म्हणून घंटेचीच वायर कापायची. दुसरा म्हणाला, सिस्टीम प्रॉपर्टीत पार्सरचं नाव देऊन टाका. बाबा रे, ती सिस्टीम प्रॉपर्टी अख्ख्या जेव्हीएमला (जावा चालवणाऱ्या यंत्रणेला) लागू होते. माझ्या चार ओळींपायी शेजारच्या मॉड्यूलचं वाटोळं का करू?

आणि मुळात ही न्यूइन्स्टन्स, फॅक्टरी आणून देणारी मेथड! मी 'नवा दे' म्हणतो, 'कुठूनही शोधून आण' म्हणत नाही. पण ही बया आधी सिस्टीम प्रॉपर्टी बघणार, मग जावाच्या फोल्डरातली प्रॉपर्टीजची फाइल उघडणार, मग क्लासपाथवरच्या जार फायलींचे (बांधून आणलेल्या लायब्रऱ्यांचे) मेटा-इन्फ-सर्व्हिसेस फोल्डर उकरणार, आणि कुठेच काही सापडलं नाही तर घरचा, म्हणजे जावाचा स्वतःचा, पार्सर देणार. घरचा सगळ्यात शेवटी! वाटेत कुणीही अनोळखी जार हात वर करून 'मी आहे ना' म्हणाली की तिच्याच गळ्यात माळ. हे सगळं रनटाइमला, दर वेळी नव्याने, कंपाइलरला थांगपत्ता लागू न देता. लवचिकता म्हणे. गेल्या इतक्या वर्षांत जाणूनबुजून, आनंदाने पार्सर बदलणारा एक माणूस मला भेटलेला नाही. नकळत बदलला म्हणून रडणारे मात्र पैशाला पासरी.

विषय निघालाच आहे तर नेमस्पेसचंही (सारख्या नावाचे टॅग वेगळे ओळखायला जोडलेलं आडनाव) ऐका. नेमस्पेसचं स्पेसिफिकेशन १९९९ चं. हे फॅक्टरी प्रकरण त्याच्यानंतरचं. तरी सेटनेमस्पेसअवेअर, म्हणजे नेमस्पेस ओळखायचं बटण, मुळात फॉल्स! का? तर असंच. मग लोकलनेम (आडनावाशिवायचं नाव) मागितलं की नल, आणि आपण बसायचं एक्सपाथमध्ये (डॉक्युमेंटमधली जागा सांगायची भाषा) काय चुकलं ते शोधत. डॉक्युमेंट प्रिंट करावं तर छापतं काय, '#डॉक्युमेंट: नल'. भरलेल्या झाडावर रिकामं असल्याची पाटी! नोकरीच्या पहिल्या वर्षी त्या पाटीपायी माझा अर्धा दिवस गेला होता, तो राग अजून गेलेला नाही. पहिलं मूल मागा, तर हातात एंटर आणि चार स्पेस. नोडलिस्टवर साधा फॉर-ईच चालत नाही. आणि फॅक्टरी सापडली नाही की जे फेकतात ते एक्सेप्शन नाही, एरर आहे. म्हणजे कॅच एक्सेप्शन लिहून निर्धास्त झोपलेला माणूस थेट थ्रेड मेल्याच्या बातमीनेच जागा होणार.

असो. दहाच्या सुमारास जेएएक्सपीचा (जावाच्या एक्सएमएल यंत्रणेचा) डीबग चालू केला आणि घोडं कुठे पेंड खात होतं ते दिसलं. माझ्या मशीनवर मी फक्त माझं मॉड्यूल चालवत होतो. सर्व्हरवर सगळ्यांचा एकत्र गठ्ठा, आणि त्यात रिपोर्ट काढणाऱ्या एका लायब्ररीच्या शेपटीला बांधून आलेली झर्सीस नावाच्या दुसऱ्या पार्सरची जार. जावाच्या पोटातला पार्सरही मूळचा झर्सीसच, फक्त पॅकेजच्या नावात मध्ये 'इंटर्नल' असलेला. घर वेगळं, क्लासचं नाव अक्षरशः तेच.

मग लॉगमध्ये पॅकेज का दिसलं नाही? कारण लॉगच्या त्या ओळीत मी गेटनेम (पॅकेजसकट पूर्ण नाव) नाही, गेटसिंपलनेम (नुसतं क्लासचं नाव) लिहिलं होतं. लॉग आटोपशीर दिसावा म्हणून! दुसऱ्यांच्या लॉगमध्ये हेच दिसलं असतं तर रिव्ह्यूत तीन परिच्छेद लिहिले असते मी. ज्याची वंशावळ काढली तो माणूस संध्याकाळपासून एकच विचारत होता, 'पूर्ण नाव काय छापतंय?' आणि मी त्याला उत्तर देत होतो, 'तेच, बघितलं मी.'

इलाज? न्यूइन्स्टन्सच्या जागी न्यूडिफॉल्टइन्स्टन्स. जावा ९ पासून, म्हणजे २०१७ पासून पडून आहे बिचारी. इंग्रजीत टाइप करायची अक्षरं सात. आम्ही गेल्या वर्षापर्यंत जावा ८ वर गोचिडासारखे चिकटून होतो, त्यामुळे ती आहे हे हाताला माहीतच नाही. बोटं अजून जुन्याच वळणाने चालतात.

सव्वाअकराला पुन्हा चढवलं. पार्स झालं. अक्षरशः टाळी वाजवली. पुढच्याच सेकंदाला ट्रान्सफॉर्मरफॅक्टरी: 'नॉट सपोर्टेड: ॲक्सेसएक्स्टर्नलडीटीडी'. त्याच लायब्ररीच्या शेपटीला झालानही (एक्सएमएलचं रूपांतर करणारा) बांधलेला होता.

लॅपटॉप मिटला आणि झोपलो. सकाळी प्रोजेक्टमध्ये न्यूइन्स्टन्स शोधलं. डॉक्युमेंट, सॅक्स, ट्रान्सफॉर्मर, एक्सपाथ, स्कीमा मिळून ३७ ठिकाणी. नववं चालू आहे.