'एक वाचक' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांच्यावरच्या माझ्या लेखाला 'एक वाचक' यांनी दिलेली प्रतिक्रिया थोडक्यात अशी: लोकसभेत जेमतेम अडीच वर्षं बसलेल्या बाईंना थोर संसदपटू ठरवणं हा भक्तिभाव आहे, त्यांचं राजकारण हंडे-लाटण्यांच्या मोर्चांपलीकडे गेलंच नाही, मंत्रिपद नाकारणं म्हणजे जबाबदारी झटकणं, समाजवाद्यांच्या फाटाफुटीवर मी मूग गिळून बसलो. शेवटी फुकटचा सल्ला: 'लिहिण्याआधी थोडं वाचत जा.'

साहेब (की बाईसाहेब? नाव दिलं असतंत तर नीट हाक मारता आली असती), आपल्या मताबद्दल माझी तक्रार नाही. पण हा सूर कुठला? मास्तरांनी वही भिरकावावी तसा! आपल्या दारात येऊन लेख वाचा म्हणून मी गळ घातली नव्हती.

एक मान्य. १९७७ला त्या मुंबई उत्तरमधून निवडून आल्या आणि १९७९ला लोकसभाच बरखास्त झाली. दिल्लीतला काळ थोडका, खरं आहे.

पण हंडे-लाटणी? तिथे मात्र थांबा. गोरेगावात आमच्या चाळीच्या नळाला पहाटे करंगळीएवढी धार यायची. रात्रीच नळापाशी वीट ठेवून नंबर लावायचा, आणि कुणी वीट सरकवली की भांडण. १९६१ला मृणालताई महापालिकेत गेल्या आणि या पाण्यासाठी भांडल्या, म्हणून लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. पुढे १९७२च्या सुमारास महागाईने कंबरडं मोडलं, तेव्हा त्या आणि अहिल्याताई रांगणेकर, म्हणजे एक समाजवादी आणि एक कम्युनिस्ट, एकाच समितीत आल्या. लाटणं घेऊन निघालेल्या बायकांत माझी आई होती. आजोबांसमोर कधी मान वर न केलेली बाई त्या दिवशी घोषणा देऊन घसा बसवून आली आणि त्याच लाटण्याने रात्री पोळ्या केल्या. हे कुठल्या पुस्तकात वाचू, तेही सांगा.

आणि १९७७ला 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' (दिल्लीवाली म्हणजे इंदिरा गांधी) ही घोषणा लोकांच्या तोंडी बसली, ती काय हवेतून आली? आणीबाणीत भूमिगत राहिलेल्या, मग तुरुंगात गेलेल्या बाईला मतं मिळाली ती याच मोर्चांच्या जोरावर. कायदेकामाचंच म्हणाल, तर १९८६ला त्यांनी विधानसभेत गर्भलिंगनिदानाविरुद्ध अशासकीय विधेयक मांडलं. १९८८ला राज्याने कायदा केला, देशात पहिला. केंद्राला जाग यायला १९९४ उजाडलं. तो कायदाही लाटण्यानेच केला का हो?

मंत्रिपदाचं म्हणाल, तर तेव्हाचे पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी देऊ केलेलं आरोग्य खातं त्यांनी घेतलं असतं, तर सत्तेची हाव म्हणायला तुम्हीच पुढे आला असतात. आणि फाटाफुटीचं म्हणाल, तर तो माझ्या लेखाचा विषय नव्हता. हौस असेल तर तुम्ही लिहा, पण नावानिशी. यापुढे निनावी प्रतिक्रिया इथे दिसणार नाहीत.