लेझीम फक्त १५ ऑगस्टला नको

तालावरच्या हालचालींनी मुलांचं लक्ष टिकतं, हे नुकत्याच वाचलेल्या एका लेखातलं म्हणणं अगदी पटलं. मी परळला तिसरीला शिकवते. साताचा पाढा अडला की मुलांना उभं करते: उजवा हात डाव्या गुडघ्यावर, डावा उजव्या, मग टाळी, आणि टाळीवरच आकडा. एक मुलगा कायम ‘सात सक’ला थांबायचा. परवा टाळीसरशी ‘बेचाळीस’ तोंडून निघालं आणि तो स्वतःच दचकला! पाठांतर हवंच, नुसत्या हालचालीने पाढा येत नाही. पण ठेका चुकला की मुलांना लगेच कळतं. डालक्रोझ या स्विस संगीतशिक्षकांनी तर संगीत असं अंगातून शिकवायला १९१५ साली जिनिव्हात संस्थाच काढली. आपल्याकडे लेझीम आहे. आमच्या लेझमी कपाटात गंजतायत, फार वाईट वाटतं.