कोळ्याच्या रेशमाची अंडी बुक करण्याआधी

खानापूर, आटपाडी, तासगावपासून माण-खटावपर्यंतच्या रेशीम ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेतल्या कंपनीने कोळ्याचं जनुक घातलेला रेशीमकिडा तयार केला आहे. त्याचा धागा स्टीलच्या पाचपट मजबूत असून अमेरिकी जवान त्याचीच बुलेटप्रूफ जाकिटं घालतात. कोषाला साध्या कोषाच्या कित्येक पट भाव मिळतो. सांगली-साताऱ्यासाठी मोजकेच अंडीपुंज (किड्यांची अंडी, म्हणजे बियाणं) आहेत, आगाऊ रक्कम भरून नाव नोंदवा, कोष आम्हीच उचलू. यावर कुणीतरी उलट मेसेजही सोडलाय, की हे किडे सुटले तर शिवार विषारी होईल.

पहिल्या मेसेजमध्ये बरंचसं खरं आहे, आणि त्या खऱ्याच्या जोरावरच पैसे मागितले जाताहेत. म्हणून एकेक दावा घेऊन बोलतो.

"कोळ्याचं रेशीम देणारा किडा तयार झालाय." हो, झालाय. कोळी पाळता येत नाहीत, एकत्र ठेवले की एकमेकांना खातात. 2009 साली न्यूयॉर्कच्या संग्रहालयात मांडलेल्या सोनेरी कापडासाठी मादागास्करमध्ये दहा लाखांहून जास्त कोळी पकडून, त्यांचा धागा काढून, पुन्हा सोडून द्यावे लागले होते. म्हणून शास्त्रज्ञ रेशीमकिड्याकडे वळले, कारण धागा काढण्याची सगळी व्यवस्था त्याच्या अंगातच आहे. मिशिगनमधली क्रेग बायोक्राफ्ट लॅबोरेटरीज ही कंपनी आणि नोत्र दाम व वायोमिंग विद्यापीठांतले संशोधक यांनी मिळून असे किडे केले. 2010 मध्ये त्याची घोषणा झाली, 2012 मध्ये शोधनिबंध आला. पण त्या धाग्यात कोळ्याच्या प्रथिनाचा वाटा काही टक्केच होता, बाकी सगळं आपलं नेहमीचं रेशीम. तेवढ्यानेही धागा साध्या रेशमापेक्षा बराच चिवट झाला, हे त्या संशोधनाचं मोठं यश. पुढे 2023 मध्ये शांघायच्या डोंगहुआ विद्यापीठाने कोळ्याचं एक अख्खं, आकाराने लहान प्रथिन किड्याकडून काढून घेतलं आणि त्या धाग्याचा चिवटपणा केव्हलरच्या, म्हणजे बुलेटप्रूफ जाकिटांत वापरतात त्या कृत्रिम धाग्याच्या, सहापट मोजला. ते काम प्रयोगशाळेतलं. मला या विज्ञानाचं मनापासून कौतुक आहे, आणि म्हणूनच त्याच्या नावावर कुणी पावत्या फाडाव्यात याचा संताप येतो.

"स्टीलच्या पाचपट मजबूत." वजनाला वजन लावलं तरच. कोळ्याच्या धाग्याची ताणशक्ती साधारण 1 गिगापास्कल भरते, उत्तम पोलादाची 1.5 च्या आसपास. सारख्या जाडीचे दोन धागे घेतले तर पोलादच वरचढ. पण पोलाद रेशमाच्या सहापट जड असल्यामुळे वजनाच्या हिशेबात कोळी चार-पाच पट पुढे जातो. त्याचा खरा गुण चिवटपणा हा आहे. तो 30 टक्क्यांपर्यंत ताणला जातो आणि धक्का पोटात घेतो. केव्हलर ओढायला तिप्पट कणखर, पण तीन-चार टक्के ताणला की तुटतो.

"जवान तेच घालतात." 2016 मध्ये अमेरिकी लष्कराने क्रेग कंपनीला सुमारे एक लाख डॉलरचं कंत्राट दिलं. ते गोळीच्या चाचणीसाठी नमुने बनवण्याचं होतं, जाकिटांच्या पुरवठ्याचं नव्हतं.

आता मुख्य मुद्दा, अंडीपुंजांचा. जनुक बदललेला कोणताही सजीव भारतात पाळायचा वा विकायचा तर 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे 1989 चे नियम लागतात आणि जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीची मंजुरी लागते. बीटी कापसाचं बियाणंही 2002 च्या मंजुरीनंतरच अधिकृतपणे विकता आलं. हैदराबादच्या सरकारी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ग्रासरी या विषाणूच्या रोगाला दाद न देणारे किडे जनुक बदलून तयार केले होते. ग्रासरीने बॅच हातची गेलेल्या प्रत्येकाला त्याचं मोल कळेल. ते आपल्याच देशातले किडे अजून आपल्या शेडमध्ये आलेले नाहीत, तर परदेशी कंपनीचे कुणाच्या तरी मोबाइलवरून कसे येतील? क्रेग कंपनी आपले किडे व्हिएतनाममध्ये स्वतःच्या उपकंपनीकडे वाढवते. शिवाय साधे अंडीपुंज विकायलाही केंद्रीय रेशीम मंडळाच्या कायद्यानुसार नोंदणी लागते. तुम्हाला जे मिळेल ते बहुधा नेहमीचं दुबार संकरित बियाणंच असेल, आणि नुसत्या डोळ्यांनी अळी किंवा कोष पाहून फरक सांगता येणार नाही.

"कोष आम्हीच उचलू." भाऊ, इथे थांबा. आज आपला कोष कर्नाटकातल्या रामनगरच्या बाजारात नेता येतो, जालन्याला नेता येतो. दर पडला तर आपण चिडतो, पण बोली लावायला चार रीलर, म्हणजे कोषातून धागा काढणारे व्यावसायिक, असतात. ज्या मालाला एकच गिऱ्हाईक आणि ते गिऱ्हाईकच बियाणं विकणारं, त्याची गत काय होते हे 2019 साली इस्लामपूरच्या कडकनाथ कोंबड्यांच्या प्रकरणात आपण पाहिलं. पिल्लं त्यांची, खाद्य त्यांचं, अंडी चढ्या दराने तेच घेणार. पहिल्या काही जणांना पैसे मिळाले, त्यांचं बघून बाकीच्यांनी दागिने मोडले, कर्ज काढलं. खरेदी थांबली तेव्हा हजारो पक्षी दारात आणि खाद्याला पैसा नाही. या मेसेजची मांडणी ओळीला ओळ तशीच आहे.

आणि जगभरात तरी भाव कुठे ठरलाय? कॅनडाच्या नेक्सिया कंपनीने शेळीच्या दुधातून कोळ्याचं प्रथिन काढलं, तरी ती टिकली नाही. जपानच्या स्पायबरने 2015 मध्ये एका जाकिटाचा नमुना दाखवला. कोळ्याचा धागा ओला झाला की आकसतो, म्हणून त्यांना प्रथिनाची रचनाच बदलावी लागली, आणि 2019 मध्ये विक्रीला आली ती 50 जाकिटं. ज्या मालाला अजून नेहमीची बाजारपेठ नाही, त्याचा किलोचा दर मेसेजमध्ये छापणारा तो कुठून आणतो?

उलट मेसेजबद्दल थोडंच. रेशमाचं प्रथिन विष नव्हे. रेशीमकिड्याच्या पतंगाला उडता येत नाही, अळीला हाताने पाला घातला नाही तर ती जगत नाही, त्यामुळे शिवारभर पसरण्याची भीती अनाठायी आहे. मात्र मेलेल्या अळ्या नि प्युपा आपण कोंबड्यांना, माशांना घालतो. जनुक बदललेल्या किड्यांचं ते चालेल का, हा प्रश्न रास्त आहे आणि तो मंजुरी देणाऱ्यांनीच तपासायचा आहे.

कुणी नोंदणीसाठी आलाच तर दोनच कागद मागा: समितीचं मंजुरीपत्र आणि बियाणं विक्रीची नोंदणी. ते घेऊन सांगली किंवा साताऱ्याच्या जिल्हा रेशीम कार्यालयात जा आणि तिथे विचारल्याशिवाय रुपया सोडू नका. ज्यांनी ऑनलाइन पैसे भरलेत त्यांनी मेसेज डिलीट करू नयेत, व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवावा आणि लगेच 1930 वर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर फोन जाईल, तितकी रक्कम खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त.