घमेलंभर अंजीर

सुकं अंजीर मोठं रुबाबदार असतं. किराणा दुकानात काजू-बदामाच्या शेजारी बसतं, सुतळीत ओवलेली त्याची माळ लांबूनच बघायची आणि भाव विचारून पुढं सरकायचं. घरी आलंच तर रात्री दोन भिजत घालायची. सकाळी एक सासूबाईंना, एक ह्यांना, आणि वाटीतलं पाणी आपल्याला. हेच अंजीर परसात पिकलं की त्याचा सगळा रुबाब उतरतो. मग ते घमेल्यानं मोजायचं आणि "न्या हो, न्या" म्हणत गावभर फिरायचं.

आमचं गाव मोर्शीकडं, संत्र्याच्या पट्ट्यात. फळांच्या ढिगाला आम्ही काही भीत नाही. संत्र्याचा बगीचा व्यापाऱ्याला उक्ता देता येतो, आणि तोडलेलं संत्रं चार दिवस टोपल्यात गुमान पडून राहतं. आंब्याची अढी लावता येते. अंजिराला यातलं काहीच चालत नाही. कच्चं तोडलं तर ते धड पिकत नाही, आणि पिकलेलं उद्यापर्यंत थांबत नाही. पुण्याकडं त्याचा थाट वेगळा आहे. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथं खट्टा बहार आणि मिठा बहार असे फळांचे दोन हंगाम, पेट्या, गाड्या असं सगळं नीट चालतं. आमच्याकडं एकच झाड. त्याचं कलम ह्यांच्या मावसभावानं तिथल्याच सासवडहून मोठ्या प्रेमानं पाठवलं, आणि ह्यांनी ते मोरीच्या पाण्यावर लावलं. "इकडं नाही जगत ते," असं गावातल्या प्रत्येक जाणत्यानं सांगितलं होतं. झाडानं बहुतेक ते ऐकलं आणि हट्टालाच पेटलं.

पिकायच्या दिवशी अंजीर मान टाकतं. सालीवर बारीक पांढऱ्या भेगा पडतात आणि बुडाशी चिकट थेंब जमतो. तोच मुहूर्त. दुसऱ्या दिवशी त्यात मुंगळे असतात आणि आंबूस वास सुटतो. म्हणून उजाडायच्या आत झाडाखाली उभं राहायचं. आपल्या आधी रात्रपाळीची वटवाघळं येऊन गेलेली असतात, पाठोपाठ बुलबुल हजर. बुलबुल एक फळ संपवून दुसऱ्याकडं जाईल तर शपथ. सगळ्यांना एकेक चोच मारून ठेवतो. देठ मोडला की दुधासारखा चीक ओघळतो आणि बोटांच्या बेचक्यांत अशी खाज सुटते की चहाचा कप धरवत नाही. आधी हाताला तेल चोपडायचं, एवढा एकच इलाज.

मग वाटप. आमच्याकडं शेजाऱ्याची ताटली रिकामी परत करत नाहीत. अंजीर गेलं की वांगी येतात, सांभार म्हणजे कोथिंबीर येते, आंबील येते. पहिल्या आठवड्यात आमची भाजीची चिंता मिटली. दुसऱ्या आठवड्यात ताटलीतून अंजीरच परत आलं. मागच्या आळीतून, तिसऱ्याच घरून. त्यातलं चोच मारलेलं एक मी लगेच ओळखलं.

दुकानवाल्या जैन काकूंनी हात जोडले. वड, पिंपळ, उंबराच्या भाऊबंदांचं फळ त्यांच्यात वर्ज्य. भाऊबंदकीचा हा मुद्दा शेजारच्या भाऊजींनीही काढला, पण वेगळ्या अंगानं. "वहिनी, हे तं उंबरच होय नं? थे तं नाल्यावर ढिगानं पडून हाय, तुमी काऊन घरोघरी वाटून रायल्या?" कुळ एकच आहे, हे खरं, पण घाम गाळणाऱ्या माणसाला असं सांगायचं नसतं. पोट साफ होतं असं ऐकून एका आजोबांनी मात्र अख्खं टोपलं मागून नेलं. दुसऱ्या दिवशी ते वऱ्हाडाबरोबर एसटीनं अमरावतीला निघाले होते. गाडी वाटेत किती वेळा थांबली, हे कंडक्टरनं गावात येऊन सांगितलं.

तेव्हा घरातच जिरवणं आलं. नागपूरहून आलेल्या पुतण्यानं मोबाइल बघून मिल्कशेक केला. दूध फाटलं आणि वर कडू झालं. दुधाला नावं ठेवण्यात अर्धा दिवस गेला, पण दोष दुधाचा नव्हता. अंजिराच्या चिकात दूध फाडणारा फायसीन नावाचा घटक असतो. परदेशात काही ठिकाणी त्यावर चीज करतात. अंजीर आधी चांगलं शिजवून, पुरतं गार करून दुधात घातलं तर असा घोळ होत नाही. जॅमही जमतो, फक्त लिंबू पिळताना हात आखडायचा नाही. अंजिरात आंबटपणा कमी असतो, त्यामुळं लिंबाशिवाय तो ना नीट आळतो, ना टिकतो. आटवलेलं अंजीर मी पुरणातही घातलं. चव छान आली, पण सासूबाई दर घासाला थांबून विचारत होत्या, "माय, डाळ निवडली नव्हती का?" दाताखाली ते बारीक बी करकरत होतं.

वाळवणाला मात्र आमच्या उन्हाइतका मदतनीस नाही. मोहफुलं, कुरड्या, सरगुंडे सगळ्यांना पुरून उरणारं ऊन. अंजिराला काय सोडतं! जुन्या लुगड्याखाली माचोळीवर फळं चपटी करून मांडायची, रोज उलटायची, संध्याकाळी घरात घ्यायची. ताज्या अंजिरात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. त्यामुळं घमेलं गच्चीवर जातं आणि खाली ताटली येते. "बाकीचे कुठं गेले?" असं हे संशयानं माझ्या तोंडाकडं बघत विचारतात.

पण खरी मजा पुरतं वाळायच्या आधी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंजीर बाहेरून चिवट आणि आतून जॅमसारखं असतं. ते गरम ज्वारीच्या भाकरीवर चुरडायचं, वर लोण्याचा गोळा आणि बाजूला भिवापुरी लाल मिरचीचा ठेचा. ह्या मिरचीलाही पुरंदरच्या अंजिराच्याच सुमारास मानांकन मिळालं. दोन मानकरी एका घासात भेटले की आधी गोड, मग कानातून वाफा, आणि हात पुन्हा अंजिराकडं. असं खाल्लं की घमेलं दिसामाजी थोडं थोडं हलतं.

तरी फळ आवरेना. शेवटी ह्यांनी कुऱ्हाड घेतली आणि झाड अर्ध्यावर छाटलं, म्हणजे पुढच्या साली तरी निवांत. छाटलेल्या प्रत्येक फांदीला चार-चार फुटवे आले आणि फुटव्याच्या पानापानाच्या बगलेत एकेक अंजीर बसलं. अंजीर जास्त धरतं ते नव्या फुटीवर. ह्यांनी घाबरून सासवडला फोन लावला. तिकडून मावसभाऊ खूश होऊन म्हणाला, "अरे वा, छाटणी बरोब्बर साधली की तुला! बहार धरायला आम्ही तेच करतो. आणखी दोन कलमं पाठवू का?"